फ्रेनीला पुण्याला न्यायचं

१४ जून १९४४, बुधवार

सहा महिने पुरलेलं राहिलं तर पाचशे फटके. वर्ष झालं तर हजार. दोन वर्षं झाली तर पुढे फटके नाहीत, दंड नाही, काही नाही. प्रायश्चित्तच नाही. कायमचं!

चार वेळा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. पुस्तक जुन्या धर्मकायद्याचं, गुजराती छापाचं, नगरच्या मोबेदांकडून मागून आणलेलं. (मोबेदांना मराठीत काय म्हणायचं? भटजीच म्हणावं लागेल. ऐकलं तर चिडतील.) आणलं होतं दुसऱ्याच कामासाठी. गेलेली मुलं जगाच्या शेवटी किती वयाची होऊन उठतात ते बघायचं होतं. ते यात नाहीच. हे निघालं.

माती पवित्र, तिच्यात मुडदा घालू नये, हे लहानपणापासून ऐकलंय. त्यात नवीन काही नाही. पण त्याला मुदत आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

फ्रेनीला पुरलं ३ सप्टेंबर बेचाळीसला. इथे पुणतांब्यात, ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीच्या कडेला, नुसत्या मातीत. म्हणजे अडीच महिने उरले. थोडे वरच.

आणि पाप कुणाचं? जो पुरतो त्याचं. मी तिथे नव्हतोच. याकोबने खड्डा खणला, पण तो ख्रिस्ती, त्याला आमचा कायदा लागू नाही. पुरा असं सांगितलं ते धनने. माझ्या बायकोने.

मराठीत लिहितोय ते बरंच आहे. कोपरगावच्या शाळेत मास्तरांनी छड्या मारून शिकवलं, त्याचा हा एवढाच उपयोग. धन दिवसभर गिऱ्हाइकांशी मराठीत भांडते, पण वाचता येतं तिला फक्त गुजराती.

१५ जून

धनने विचारलं, जेवत का नाही. उकडतंय म्हणालो.

१८ जून, रविवार

बेचाळीसचं एकदा लिहून काढतो. लिहिल्याने डोक्यातून जाईल असं नाही, पण लिहितो.

ऑगस्टच्या शेवटी मी नगरला गेलो होतो, सोड्याच्या गॅसच्या टाक्या आणायला. चळवळीतल्या पोरांनी रूळ उखडले, गाड्या बंद. पाच दिवस स्टेशनावर बसून राहिलो, गाढवासारखा! आज सुटेल, उद्या सुटेल. पहिल्याच दिवशी चालायला लागलो असतो तर पोचलो असतो. मग कशीबशी बेलापूरपर्यंत मालगाडी मिळाली, तिथून चालत आलो. तोवर सगळं आटोपलं होतं.

गावात पटकी. फ्रेनीला सकाळी जुलाब सुरू झाले, दुपारी गेली. सहा वर्षांची पोर. आरोग्य खात्याचा माणूस दारात उभा — तासाभरात पुरा, नाहीतर आम्ही घेऊन जाळतो. जाळणं तर आमच्यात आणखी वाईट, अग्नी बाटतो. धन एकटी. गावात पारशाचं दुसरं घर नाही. ती काय करणार होती?

याकोब माझ्याकडे सोड्याच्या बाटल्या धुतो. कारखाना म्हणतात लोक, पण कारखाना कसला, एक यंत्र आणि एक पडवी. त्याचा आमोस त्याच सकाळी गेला होता. आठ वर्षांचा. दोघं एकाच गोट्या खेळायचे, माझ्याच फुटक्या बाटल्यांतल्या. त्या माणसाने आपलं पोरगं पुरलं आणि माझी पोरगीही पुरली. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी पोचलो तेव्हा धन चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "आलात? हातपाय धुवा." तेवढंच. त्यानंतर आजतागायत त्या दिवसाबद्दल तिने शब्द काढलेला नाही. मी विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार.

२४ जून

नगरला जाऊन आलो. मोबेद तेहमुरस्पजी आता ऐंशीचे आहेत. दात एकही नाही, त्यामुळे निम्मं बोलणं अंदाजाने समजून घ्यायचं.

मुदतीचं विचारलं. म्हणाले, "अरे बरजोर, ते इराणच्या राजांच्या वेळचं. खेड्यापाड्यातले पारशी सगळे पुरतातच. चारी बाजूंनी दगड-चुना लावायचा, वर फरशी. मातीला स्पर्श नको म्हणजे झालं."

"दगड लावला नाही. नुसती माती आहे."

माझ्या हातातलं पुस्तक घेऊन मिटून ठेवलं.

मग मुलांच्या वयाचं विचारलं, तेव्हा खुलले. जगाची बारा हजार वर्षं ठरलेली. पहिली तीन हजार नुसती कल्पनेतली, मग आकाश, पाणी, जमीन, झाड, गाय, माणूस. मग भेसळ झाली, चांगल्यात वाईट शिरलं, आपण त्या भेसळीत राहतो. शेवटी सोश्योस येईल, तारणारा. पहिल्या माणसापासून सगळ्यांना उठवायला त्याला सत्तावन्न वर्षं लागतील. हाडं मातीकडून मागून घेतील, रक्त पाण्याकडून, केस झाडांकडून, जीव अग्नीकडून. मोठी माणसं चाळीस वर्षांची होऊन उठतील. लहान मुलं पंधरा वर्षांची. बाप लेकराला ओळखेल, भाऊ बहिणीला. मग डोंगरांच्या पोटातला धातू वितळून नदीसारखा जमिनीवरून वाहील आणि सगळ्यांना त्यातून चालत जावं लागेल. चांगल्या माणसाला तो कोमट दुधासारखा लागेल. वाईटाला धातूसारखाच.

"पण शेवटी सगळेच शुद्ध होऊन निघतात बरं का," म्हणाले.

"ज्याला प्रायश्चित्तच नाही तोसुद्धा?"

"ते देवाला, खोदायजीला माहीत." म्हातारा खोटं बोलत नाही. आज बोलला असता तर पाय धरले असते त्याचे.

परतीच्या गाडीत डोळे मिटले की एकच दिसायचं. पंधरा वर्षांची फ्रेनी पलीकडच्या काठावर उभी आहे आणि धन त्या रसातून चालतेय, पोळत. समोर बसलेली राहुरीची एक म्हातारी विचारायला लागली, "बावाजी, बरं न्हाई का वाटत? कांदा हुंगता का?" तिने खरंच कांदा काढून दिला. हुंगला.

ठरवलं. मुदतीच्या आत फ्रेनीला काढायचं आणि पुण्याच्या दखम्यात न्यायचं. दखम्याला मराठीत शब्द नाही. उघड्यावर, उन्हात, पाखरांसाठी ठेवतात ती जागा. मातीला लागत नाही. धनला खरं कारण सांगायचं नाही. तिने ते डोक्यावर घेऊन का जगावं?

२६ जून

धनला म्हटलं, फ्रेनीला पुण्याला न्यावं म्हणतो. आपल्या लोकांत.

ती तांदूळ निवडत होती. "आता कशाला?" मग एक खडा काढून टाकत, "बघा तुम्ही."

दुसरी एखादी आई रडली असती, नाहीतर भांडली असती. ही तांदूळ निवडतेय! कधी कधी मला हिचा राग येतो. लिहिलं ते खोडत नाही.

२ जुलै, रविवार

याकोबला सांगितलं. त्याच्याशिवाय जागा नेमकी कोण दाखवणार. तिथे दगड नाही, खूण नाही, नुसतं बाभळीचं झाड.

म्हणाला, "पावसाळा हाय शेट. समदा चिखूल. दिवाळी झाल्याव बघू."

"दिवाळीपर्यंत चालणार नाही."

"का बरं?"

"आहे एक कारण."

बाटली धुतच राहिला. तीच बाटली, धुतलेली. मग म्हणाला, "निजलेल्या लेकराला कशापायी उठवायचं, शेट?"

मी एकदम तडकलो. तुझ्या लेकराचं तू बघ, माझ्या लेकराचं मी बघतो, म्हणालो. नको ते बोलून गेलो. संध्याकाळपर्यंत पडवीत काचेचा आवाज तेवढा येत होता.

१० जुलै, सोमवार

कोपरगाव, मामलेदार कचेरी. कारकून म्हणाला, प्रेत उकरायचं? खुनाचा संशय आहे का? नाही म्हटलं. मग कशाला उकरता?

पटकीचं प्रेत म्हटल्यावर खुर्ची मागे घेतली. आधी आरोग्य खात्याचा दाखला आणा. आरोग्य खात्याच्या माणसाकडे गेलो, तो म्हणतो आधी मामलेदारांचा हुकूम आणा. आणि जागा मंडळीची, म्हणजे पाद्रीसाहेबांची चिठ्ठी हवी. तीन माणसं, तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि मी मधे टोपी हातात धरून उभा.

अर्जात कारण लिहायला जागा होती. बायको जगाच्या शेवटी जळू नये म्हणून, असं खरं खरं लिहिलं असतं तर थेट येरवड्याला पोचवलं असतं मला. 'धार्मिक' एवढंच लिहिलं.

११ जुलै

पाद्रीसाहेब सज्जन माणूस. चिठ्ठी दिली. पण म्हणाले, "बरजोरजी, प्रभू सगळीकडून उठवील. मातीतून, समुद्रातून." तुमच्याकडे मुदत नाही हो साहेब, तुमचं बरं आहे. असं बोललो नाही.

१९ जुलै

धनची पापं शोधत बसलोय. हा आता माझा उद्योग. पत्त्यांत लबाडी करते. गिऱ्हाइकाच्या मागे त्याची नक्कल करते. एकदा फ्रेनीला थोबाडीत मारली होती, मग दोघी रडत बसल्या होत्या. झालं, संपली यादी. एवढ्यावर तर तिला दूधच लागायला हवं.

पण एक बघतो. रोज सकाळी कमरेची कस्ती, आमचा पवित्र दोरा, सोडते, पुन्हा बांधते, तीन वेढे, गाठी बरोबर. ओठ हलत नाहीत. प्रार्थना म्हणतच नाही ती. बेचाळीसपासून. हे मला आधी दिसलं होतं का? दिसलं असेल. दोन वर्षं मी काही बघतच नव्हतो.

मला खोकला झालाय म्हणून तिने कोमट दूध आणून दिलं. पेला हातात धरून बसलो. साय धरली.

२८ जुलै

काही नाही. पाऊस. सोडा कुणी पीत नाही.

५ ऑगस्ट, शनिवार

पुण्याहून पत्र आलं. खांदिये इतक्या लांब पाठवता येणार नाहीत. अस्थीच असतील तर तुम्हीच घेऊन या, पेटी धातूची हवी. लाकडाची चालणार नाही.

कादर पत्रेवाल्याकडे गेलो. वेशीजवळ बसतो, डबे आणि बादल्या करतो. पेटी हवी म्हटलं. केवढी?

मी दोन्ही हात पुढे केले. मग लक्षात आलं, मी झोपलेल्या फ्रेनीला उचलून आत नेताना जसे धरायचो तसे हात धरलेत. आडवे, कोपरात वाकवून. ते माप नव्हे. आता काय माप असणार? दोन वर्षांत मातीत माणूस केवढं राहतं? कुणाला विचारायचं हे?

कादर म्हणाला, "बावाजी, वजन किती बसायचं आत? पत्रा त्या हिशेबाने घेतो."

"वजन नाही."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग स्वतःच पट्टी घेतली, स्वतःच काहीतरी आकडा ठरवला आणि पत्र्यावर रेघ मारली. भला माणूस.

१६ ऑगस्ट

कोपरगावला पाचवी खेप. साहेब दौऱ्यावर.

२१ ऑगस्ट

साहेब आले होते. अर्ज सापडत नाही. दुसरा लिहून दिला. कारकुनासमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशीचा माणूस, लाज वाटायला हवी. त्याने मला पाणी दिलं आणि म्हणाला, बसा बावाजी, बघतो. आधीच बघितलं असतं तर?

२५ ऑगस्ट, शुक्रवार

आजपासून मुक्ताद. आमच्या वर्षाचे शेवटचे दहा दिवस. गेलेली माणसं या दिवसांत घरी येऊन राहतात. धनने मागची खोली धुऊन काढली, मेजावर पांढरी चादर, चांदीचे पेले, त्यात गुलछडी. दिवा. सगळं हिने केलं, नेहमीसारखं.

म्हणजे फ्रेनी आता घरात आहे. दहा दिवस. आणि मी कचेरी, कुदळ, पत्र्याची पेटी असल्या गोष्टी करतोय. पेटी आलीय, ती पडवीत गोणपाटाखाली लपवली. पोरीने बघितली तर? काय मूर्खासारखं लिहितोय. पण गोणपाट काढलं नाही.

३० ऑगस्ट

हुकूम मिळाला! सही, शिक्का, सगळं. त्या कारकुनाने स्वतः पाठपुरावा केला म्हणे. देव त्याचं भलं करो. चार दिवस आहेत.

धावत याकोबच्या घरी गेलो. तो नाही. त्याची बायको हन्ना दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. "न्हवऱ्याला निरोप आलाता. सासरा लई आजारी हाय, नेवाशाला गेलेत. कवा येतील ठाव न्हाई."

परवापर्यंत तर सासरा ठणठणीत होता. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "तुमी आमचं चांगलंच केलंय, शेट. पर ह्यातलं आमाला नका इचारू." आणि रडायला लागली. मी काय केलं हिला? याकोबला तसं तोडून बोललो त्याचा राग असेल. असू दे. माफी मागायला आता वेळ नाही.

१ सप्टेंबर

भिमाजीला विचारलं, विहिरी खणतो तो. "पटकीचा खड्डा? बावाजी, पाया पडतो, दुसरं काय बी सांगा." आणखी दोघांना विचारलं. तेच.

तेहमुरस्पजींचं कार्ड आलं. गुडघे धरलेत, प्रवास जमणार नाही. कुठली प्रार्थना म्हणायची ते लिहून पाठवलंय. अक्षर इतकं थरथरतं की अर्धी ओळ लागत नाही.

म्हणजे मीच. कुदळ घेऊन. आयुष्यात परसात अळूसुद्धा लावलं नाही कधी.

२ सप्टेंबर, शनिवार

उद्या सकाळी सातला जायचं. दुपारची गाडी पकडायची. हुकूम खिशात. पेटी पुसून ठेवली.

याकोब नाही, तर बाभळीपासून किती पावलं ते कसं कळणार? हन्ना सांगणार नाही. धन होती तिथे, पण धनला तिथे नेणार नाही मी. सगळीकडे खणत सुटू का?

आणि सापडली तर? जगाच्या शेवटी बाप लेकराला ओळखेल म्हणतात. पण उद्या जगाचा शेवट नाही. उद्या रविवार आहे. उद्या मी तिला कसं ओळखू?

खोदायजी, मला हे जमणार नाही. पण धनला त्या रसात सोडणं त्याहून जमणार नाही. दुपारपासून पेटी पुन्हा दोनदा पुसली. धनने दोन्ही वेळा येऊन बघितलं.

३ सप्टेंबर, रविवार

कुदळ घेऊन निघालो तर धन दारात आडवी. कुदळ ठेवा म्हणाली.

"आमोस तिच्याशेजारी आहे. एकाच खड्ड्यात, एका गोधडीत. मीच ठेवायला लावलं. हन्ना नको म्हणत होती, तुमचा धर्म बाटेल म्हणून. मी ऐकलं नाही. फ्रेनी कधी एकटी झोपलीय का? तुम्हाला सांगायचं नाही असं मीच त्यांना शपथ घालून सांगितलंय."

मग मला एवढं पळू का दिलंस, म्हटलं.

"त्याआधी दोन वर्षं तुम्ही भिंतीकडे बघत बसला होता. पळायला लागलात, बरं वाटलं मला."

मग मी तिला सगळं सांगितलं. मुदतीचं, मातीचं, धातूचं. ही मुदत आज संपते आणि पाप तिच्या एकटीच्या नावावर आहे, हेही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग चालेन मी त्यातून," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.